परत केलेले बारा लाख

जर्मनीतल्या विद्यापीठाने हीनाला प्रवेश दिला तेव्हा फी मागितली नाही. सरकारी विद्यापीठ होते, शिकवायचे पैसे घेत नव्हते. अट वेगळी होती. तिथे वर्षभर राहायला-खायला लागतील एवढे पैसे आपल्याकडे आहेत, हे तिने निघण्याआधी सिद्ध करायचे. नुसते पासबुक दाखवून भागणार नव्हते. तिच्या नावाने तिकडे एक बंद खाते उघडायचे, सगळी रक्कम आधीच त्यात भरायची, मग ते खाते तिला दर महिन्याला ठरलेला हप्ता देणार. रक्कम भरल्याचा दाखला घेऊन मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जायचे. दाखला नसेल तर मुंबईला जाण्यातही अर्थ नव्हता. रक्कम बारा लाखांच्या आसपास होती आणि मुलाखत ऑगस्टच्या अखेरीस.

हीनाचे वडील शफीभाई पाटोद्यात बसस्टँडच्या रस्त्याला मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवतात. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. दुकान दर्ग्याच्या इनाम जमिनीवर आहे आणि घराची मोजणी कधी झालेली नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्ज मागायला गेल्यावर बँकेच्या मॅनेजरने आधी चहा मागवला आणि मग तारण काय आहे ते विचारले. शफीभाई चहा पिऊन परत आले.

सात लाख घरातून निघाले. दुकानाची शिल्लक, जाहेदाचे दागिने आणि हीनाच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली ठेव. ठेव मोडायची सही करताना जाहेदाने नवऱ्याला विचारले होते, "आणि ही परत आलीच नाही तर?"

"तर तिकडं लग्न करेल. आपला मंडपाचा खर्च वाचला," शफीभाई म्हणाले.

उरलेले पाच लाख बैतुलमालने दिले. बैतुलमाल म्हणजे जमातीचा सामायिक निधी. कमावत्यांनी त्यात टाकायचे, गरजवंताला त्यातून बिनव्याजी द्यायचे, त्याने जमेल तसे परत आणायचे. हिशेब आमेरभाईंकडे असतो. ते फळांचे ठोक व्यापारी. एकाच माणसाला पाच लाख या निधीने कधी दिले नव्हते. मशिदीमागच्या खोलीत दोन बैठका झाल्या. "मुलगी आहे, जाऊन परत आली नाही तर," असे एक जण म्हणाला. आमेरभाईंनी त्याला विचारले, "तुझा पोरगा दहावीला कितीदा बसला रे?" तिथे चर्चा संपली.

जुलैच्या मध्यावर बारा लाख शफीभाईंच्या खात्यात होते. जर्मनीतले खाते उघडायला पासपोर्टची तपासणी व्हायची होती, तेवढी झाली की पैसे पाठवायचे. खाते उघडून देणाऱ्या कंपनीचा मेल आला होता, आठवडाभर थांबा.

त्या आठवड्यात हनुमानअण्णांचा गुणगौरव सोहळा आला.

हनुमानअण्णा जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. वडिलांच्या नावाचे प्रतिष्ठान चालवतात. दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांना एक फाइल, एक पेन आणि एक रोप देतात. यंदा निवडणूक तोंडावर होती म्हणून मंगल कार्यालय मोठे घेतले होते. अण्णांचा माणूस सटवा दुकानात आला. "शफीभाई, पोरीला घिऊन या. अण्णांनी स्वतः नाव घातलंय यादीत."

"तिची बारावी होऊन पाच वर्षं झाली."

"आवो, परदेशी चालली ना. त्ये वेगळं."

शफीभाई, जाहेदा आणि हीना तिघेही गेले. हीनाला शाल मिळाली, रोप मिळाले. मग अण्णांनी माइक हातात घेतला.

"ही आपल्या शफीभाईची लेक. आमच्या विहिरीवरची मोटार ह्याच माणसानं भरलीय, आज सात वर्षं झाली, बंद न्हाई. त्याची लेक विजेचंच शिकायला जर्मनीला चाललीय. मी इचारलं, बाई, अडचण काय? म्हणली, अण्णा, बारा लाख आधी दाखवा म्हणतेत. आता मला सांगा, पाटोद्याच्या लेकीनं परक्या मुलखात आपली गरिबी दाखवायची का? ह्या लेकीचे पूर्ण बारा लाख आजपासून प्रतिष्ठानचे."

हीनाचे आणि अण्णांचे याआधी कधी बोलणेच झाले नव्हते. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. सटवाने पडद्यामागून चेक आणला. सनबोर्डावर चिकटवलेला, चार फूट लांबीचा. वर प्रतिष्ठानचे नाव, अण्णांचा फोटो, खाली 'कु. हीना' आणि आकडा. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला हीना, मध्ये शफीभाई, असा फोटो निघाला. मागच्या रांगेतले आमेरभाई उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चेक घराच्या दारातून सरळ आत जाईना. तिरपा करून, एक टोक आधी खाली घालून न्यावा लागला. कपाटाला टेकवून ठेवला. जाहेदाने तो बराच वेळ बघितला.

"हा बँकेत चालतो?"

"हा फोटोपुरता असतो. खरे खात्यात येतील."

"कधी म्हणाले?"

"एवढ्या लोकांत बोललेत. एक-दोन दिवसांत येतील."

"खातं विचारलं तुमचं?"

शफीभाई जेवायला बसले होते. त्यांनी ताट थोडे पुढे ढकलले. "जाहेदा, माणूस आठशे लोकांसमोर बोललाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपडे बदलून बँकेत निघाले. हीनाने विचारले, कुठे? ते म्हणाले, आमेरभाईंचे पाच लाख परत करायला.

"अब्बा, चार दिवस थांबा ना. अण्णांचे आले की लगेच देऊ."

"बैतुलमालमध्ये अनिसाच्या पोराचा अर्ज पडलाय. काळजाला छिद्र आहे. पुण्याला ऑपरेशन सांगितलंय. आपण पाच उचलले म्हणून त्याला थांबायला सांगितलंय आमेरभाईंनी. आता दुसरीकडून मिळाल्यावर मी ते धरून बसलो तर तो त्या पोराचा हक खाल्ल्यासारखं होतं."

"मिळाले नाहीत अजून."

"कबूल झालेत."

"कबूल झाले आणि मिळाले ह्यात फरक आहे की नाही?"

"माझ्या धंद्यात नाही," शफीभाई म्हणाले. "मी शेतकऱ्याला म्हणतो मंगळवारी मोटार देतो, तर तो मंगळवारी पाणी द्यायचं ठरवतो. मी बुधवारी दिली तर त्याचं पीक गेलं."

जाहेदा दारात आडवी उभी राहिली नाही. तिने एवढेच सांगितले, निम्मे द्या आज. त्यांनी पूर्ण दिले.

आमेरभाईंनी त्यांना मिठी मारली. त्याच शुक्रवारी नमाजनंतर त्यांनी सगळ्यांना सांगितले, की शफीने एक दिवसही जास्त पैसे ठेवून घेतले नाहीत, शिकायचे असेल तर ह्याच्याकडून शिका. अनिसाच्या मुलाचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झाले. ते चांगले झाले. मुलगा आज घरभर पळतो.

अण्णांचे पैसे आले नाहीत.

पहिल्यांदा गेले तेव्हा सटवाने सांगितले, अण्णा मुंबईला गेलेत. दुसऱ्यांदा अण्णा होते, पण आत बैठक चालू होती. शफीभाई पडवीत दुपारपर्यंत बसले. मग सटवा बाहेर आला आणि म्हणाला, "बरं झालं आलाव. शेतातली मोटार लोड घ्यायलीय. जरा बघता का?" त्यांनी मोटार वर काढून बघितली, बेअरिंग गेले होते. दुकानातून नवे आणून बसवले. पैसे विचारले नाहीत, कोणी दिलेही नाहीत. संध्याकाळी परत आले तेव्हा बैठक संपून अण्णा बीडला गेले होते.

तिसऱ्यांदा भेट झाली. अण्णा झोपाळ्यावर होते, समोर खुर्च्यांवर पाच-सहा कार्यकर्ते. शफीभाईंनी उभ्यानेच सांगितले, की मुलाखत जवळ आली आहे, पैसे जर्मनीला पोचायलाच पाच-सहा दिवस लागतात.

"कसले पैसे?" अण्णांनी विचारले. खरोखर आठवत नसल्यासारखे.

"हीनाचे, अण्णा. बारा लाख."

"मंग? चेक दिलाय की तुमाला."

कार्यकर्त्यांपैकी एक जण हसला. शफीभाई म्हणाले, "तो फ्लेक्सचा आहे."

"न्हेला का बँकेत? न्हाई ना? न्यायच्या आधीच न्हाई म्हणता व्हय?" आता सगळेच हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी शफीभाईंना जवळ बोलावले आणि आवाज खाली आणला. "शफीभाई, तुमी जाणते माणसं. स्टेजवर बोलायचं असतं. पोरीचं नाव झालं, पेपरला फोटो आला, उद्या स्थळं चांगली येतील. आजून काय पायजे?"

"मी बैतुलमालचे पाच लाख परत केले, अण्णा. तुमच्या शब्दावर."

अण्णांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितले. "परत केले?"

"दुसऱ्याच दिवशी."

"कावून?"

अण्णांनी कार्यकर्त्यांकडे वळून सांगितले, "ऐकलं का बे? ह्यांनी परत केले." त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, एक नवीनच गोष्ट कळल्याचे आश्चर्य होते. "आवो, त्या स्टेजवर बसलेल्या दहा माणसांना इचारा. हॉलमधल्या आठशेला इचारा. एकाला तरी वाटलं आसल का, की हनुमान उद्या बारा लाख काढून देणाराय? सगळ्यांना कळतं. तुमाला न्हाई कळलं?"

सटवाने शफीभाईंना फाटकापर्यंत सोडले. जाताना म्हणाला, "बेअरिंगचं किती झालं व्हतं? न्हाई, नंतर इसरून जाईल."

घरी येऊन त्यांनी जसे झाले तसे सांगितले, काही वगळले नाही. मग पाच लाखांसाठी फिरायला सुरुवात केली. आणि इथे त्यांना आणखी एक गोष्ट कळली. गावात कुणालाच ते पैसे नसलेले माणूस वाटत नव्हते.

जाहेदाचा भाऊ सद्दाम फळांचा व्यापार करतो. त्याने जूनमध्ये दोन लाख कबूल केले होते. तो म्हणाला, "दाजी, मी तर ते मोसंबीच्या बागेला गुंतवले. तुमचं काम झालं म्हणून. स्टेटसला फोटो मीच टाकला होता ना." आमेरभाईंनी सांगितले की निधीत आता हजारांतच उरले आहेत. शफीभाईंनी अण्णांबद्दल सांगितले तेव्हा आमेरभाई म्हणाले, "देतील. मोठ्या माणसाकडं उशीर होतो. उगी नाराज करू नका. आपल्या मोहल्ल्याचा रस्ता त्यांच्याच हातात आहे."

मुलाखतीच्या दोन दिवस आधी हीनाने तारीख रद्द केली. मोबाइलवर एक बटन दाबायचे होते. तिने ते दाबले आणि दुकानात जाऊन वडिलांना सांगितले. ते मोटारीत तार भरत होते. त्यांनी हात थांबवला नाही. थांबवला असता तर वेढे चुकले असते. नवीन तारीख मिळेपर्यंत विद्यापीठाचे वर्ग सुरू होणार होते आणि विद्यापीठाने कळवले की ही जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येणार नाही.

सप्टेंबरमध्ये हीना बाजारात दिसली तेव्हा एका बाईने विचारले, "अगं, तू गेली नव्हतीस का?" ऑक्टोबरमध्ये हेच दुसऱ्या शब्दांत विचारले जाऊ लागले. पोरगी इथेच आहे, मग बारा लाख कुठे आहेत?

त्याच महिन्यात शफीभाईंनी दुकानाच्या शटरला रंग दिला होता. रंगाचा डबा एका गिऱ्हाइकाने मजुरीच्या बदल्यात दिलेला. गावाने त्या शटरकडे बघून हिशेब मांडला. मग कुणीतरी म्हणाले की पाच लाख परत करायची घाई त्यासाठीच होती. बारा आल्यावर पाच फेकायला काय जातंय? जी गोष्ट जुलैमध्ये मशिदीत उदाहरण म्हणून सांगितली होती, तीच आता पुरावा झाली.

एका शुक्रवारी नमाजनंतर आमेरभाईंनी त्यांना थांबवले. आजूबाजूला चारपाच जण होते.

"शफीभाई, विचारतो म्हणून राग मानू नका. लोक मला विचारतात."

शफीभाई दुकानात गेले आणि पासबुक घेऊन आले. सगळी पाने दाखवली. सात लाख होते तसे होते. आमेरभाईंनी पासबुक बघून परत दिले. शेजारचा एक जण म्हणाला, "अण्णा चेकनं कुठं देतात? त्यांचं सगळं रोख असतं."

"मग रोख कुठंय ते घरात येऊन बघा," शफीभाई म्हणाले.

"घरात कोण ठेवतं?"

हीनाला जुलैमध्ये सिद्ध करायचे होते की पैसे आहेत. तिच्या वडिलांना आता सिद्ध करायचे होते की पैसे नाहीत. पहिल्या कामाला एक खाते तरी होते.

दोन जण अण्णांकडे जाऊन आले. अण्णांनी पैसे दिले असे म्हटले नाही, दिले नाहीत असेही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "जाऊ द्या. गरीब माणूस हाय. झालं गेलं." हे वाक्य संध्याकाळच्या आत मोहल्ल्यात फिरले. त्यानंतर कुणाला काही विचारायचे उरले नाही. अनिसाने, जिच्या मुलाचे ऑपरेशन झाले होते, जाहेदाला पाहून रस्ता बदलला. जाहेदाने ते घरी सांगितले नाही. हीनाने गच्चीवरून स्वतःच पाहिले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी सटवा दुकानात आला. स्टुलावर बसला, नव्याने रंगवलेल्या शटरकडे बघून म्हणाला, "रंग झ्याक बसलाय." मग मुद्द्यावर आला. अण्णांच्या कानावर सगळे गेले होते. अण्णांना वाईट वाटत होते. माणूस इमानदार आहे आणि लोक नावे ठेवतात, हे बरे नाही. पुढच्या रविवारी प्रतिष्ठानचा कार्यक्रम होता. तिथे शफीभाईंनी स्टेजवर यायचे आणि बारा लाख परत करायचे.

"माझ्याकडं नाहीत," शफीभाई म्हणाले.

"आवो, चेक हाय ना घरी?"

शफीभाईंनी हातातली तार खाली ठेवली.

"त्यो घिऊन या. अण्णांच्या हातात द्या. अण्णा सांगतेत, की पोरीचं जायचं रहित झालं म्हणून ह्या माणसानं एक रुपया न ठेवता सगळे परत केले. उद्यापासून तुमच्याकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई. आन दोन शब्द पोरीनं बोलायचे. आई-बापाला सोडून जावं वाटंना म्हणून मीच न्हाई म्हणले, आसं."

"ते खोटं आहे."

"आता जे बोलतेत ते तरी कुठं खरं हाय?" सटवाने तंबाखू मळली. "अण्णांचं नाव तुमी घितलं तर तुमच्या बाजूनं कोण उभं राहतंय, ते दोन म्हयने बघितलंच की तुमी."

घरी शफीभाई म्हणाले, मी जाणार नाही. हीना कपाटाजवळ गेली. चेक पुसायची सवय जाहेदाला लागली होती, इतर सामानासोबत त्यावरचीही धूळ जात होती.

"मी बोलते," हीना म्हणाली.

"खोटं बोलायचं? आठशे लोकांसमोर?"

"खरं बोलून तुम्ही बघितलं ना, अब्बा."

"आणि पुढच्या वर्षी परत अर्ज केलास तर? तूच स्वतःच्या तोंडानं म्हणालेली असशील, की मला जायचं नाही. मग बैतुलमाल देईल? सद्दाम देईल?"

"नाही देणार."

"मग?"

"तुम्ही मशिदीत शेवटच्या रांगेत उभे राहता आता. मला माहीत आहे," ती म्हणाली. त्यांनी हे घरात कधी सांगितले नव्हते. "दुकानात दोन शेतकरी मोटार उघडताना समोर उभे राहून तार मोजत होते परवा. तुमच्या दुकानात."

जाहेदा तेव्हा बोलली. मुलीला नव्हे, नवऱ्याला. "मी निम्मे द्या म्हणाले होते."

रविवारी तिघांनी चेक तिरपा करून दाराबाहेर काढला आणि ऑटोत घालून नेला. मंगल कार्यालय तेच होते. पुढच्या रांगेत आमेरभाई होते. अण्णांनी शफीभाईंच्या गळ्यात हार घातला आणि सांगितले, की आजच्या काळात दिलेले पैसे परत येत नाहीत, पण हा आपल्या पाटोद्याचा माणूस आहे, ह्याने पूर्ण बारा लाख परत आणून दिले. शफीभाईंनी चेकचे टोक अण्णांच्या हातात दिले. फोटो निघाला. टाळ्या जुलैपेक्षा जास्त वाजल्या. आमेरभाईंचे डोळे भरून आले होते. ते स्टेजवर चढले आणि मिठी मारून कानात म्हणाले, "माफ करा. मी तुमच्यावर शक घेतला."

शफीभाईंचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते.

हीनाने माइक हातात घेऊन ठरलेली दोन वाक्ये सांगितली. आवाज स्वच्छ होता. अम्मी-अब्बांना सोडून जावेसे वाटले नाही, म्हणून तिने स्वतःच नकार दिला होता. अण्णांची ती आभारी होती. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणाले, गुणाची पोर आहे.

चेक अण्णांच्या हातातून सटवाकडे गेला. सटवाने तो खांबाआड नेला, नावाच्या जागी नवी पट्टी चिकटवली आणि परत आणून दिला. अण्णांनी पुढचे नाव पुकारले. तेजश्री. शेतीचे शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाली होती. फेब्रुवारीत जायचे होते आणि तिलाही निघण्याआधी पैसे दाखवायचे होते. तिचे पूर्ण बारा लाख आजपासून प्रतिष्ठानचे झाले. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला तेजश्री, मध्ये तिचे वडील रामकिसन, टोपी काढून हातात धरलेले.

कार्यक्रम संपल्यावर हीना वडिलांच्या चपला शोधत होती, तेव्हा तिला रामकिसन दिसला. तो चेक बगलेत धरून एका गाववाल्याशी बोलत होता.

"दोन एकर रान काढलंतं इकायला. इसार घितलाय पंधरा दिसामागं. आता कशाला इकायचं? उद्या सकाळी जाऊन इसार परत करतो, सौदा मोडला म्हणतो. बापाचं रान ऱ्हायलं, देवाची कृपा."

हीना त्याच्याजवळ गेली. सटवा दूर खुर्च्या गोळा करवत होता.

"काका, इसार परत करू नका."

रामकिसनने वळून बघितले. मघाशी स्टेजवर बोललेली मुलगी त्याने ओळखली. "कावून, बाई?"

"पैसे येणार नाहीत. आम्हालाही आले नव्हते. खात्यात येईपर्यंत रानाचा सौदा मोडू नका."

त्याने तिच्याकडे बघितले, मग स्टेजकडे. शफीभाई तिथे अजून हार घालून उभे होते आणि लोक एकेक करून त्यांच्याशी हात मिळवत होते.

"आसं कसं, बाई?" रामकिसन म्हणाला. तो रागावला नव्हता, समजावत होता. "तुझ्या बापानं आत्ता सगळ्यांपुढं परत केले की. मी सोता बघितलं. आल्याबिगर कोण परत करतंय?"

हीनाने स्टेजवरच्या वडिलांकडे बघितले.

"तुझं जायचं रहित झालं, वाईट वाटत आसल. कळतंय मला," तो म्हणाला. "पण आमच्या पोरीला दुवा दे."

मग तो निघाला. मंगल कार्यालयाच्या बाजूच्या दारातून चेक जाईना. त्याने सरळ घालून बघितला, आडवा करून बघितला, कोपरा चौकटीला घासला तसा घाबरून मागे घेतला. तेजश्री शाल सावरत बाजूला उभी होती.

"बाई, जरा येवढं टोक धरती का?" रामकिसनने विचारले.

हीनाने टोक धरले. "आधी हे खाली घाला," ती म्हणाली. "आता तिरपं करा. आता ओढा."

चेक कुठेही न घासता बाहेर निघाला.